दुपारची गोळी

पार्श्वभूमी

ऑगस्टमधल्या एका पावसाळी संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या नेत्रतपासणी केंद्रात एक बाई दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, दोन्ही डोळे जोडीनं काम करतात का ते बघणं आणि गरज असेल तिथे डॉक्टरांकडे पाठवणं एवढं माझं काम. निदान करणं, औषध देणं माझ्याकडे नाही. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

मुलाला इथे सोन्या म्हणू. वडिलांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. शाळेसाठी आई त्याला घेऊन सांगलीत भाड्यानं राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. वडील रविवारी येतात. ऑक्टोबर छाटणीत आणि पुढे बेदाण्याच्या दिवसांत तेही जमत नाही. घरात तिसरा सोन्याचा चुलत भाऊ, दादा. वय २४, पदवी झालेली, राज्यसेवेची तयारी चाललेली, दिवसाचा बराच वेळ अभ्यासिकेत. सोन्याची शाळा साडेबाराला सुटते, त्याला घरी आणून जेवायला वाढणं दादाकडे. घरात कोण काय करतं हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं.

आईची तक्रार एका वाक्याची होती. "वाचताना वळ सोडतंय बगा पोरगं, डोळंच ठरत न्हाईत त्याचं."

अडचण

सोन्याच्या नाकावर पाव नंबरचा चष्मा होता, एका दुकानातून करून घेतलेला. त्यानं काही फरक पडला नव्हता, पडणारही नव्हता. मी तपासलं तर दूरची नजर ६/६, जवळची चांगली, जवळ बघताना दोन्ही डोळे नीट एकत्र येत होते. चष्मा काढून ठेवायला सांगितलं.

मग एक साधी तपासणी करताना खटका लागला. मुलाला माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघायला सांगायचं आणि बाजूला हात हलवायचा. सोन्याची नजर दर वेळी हाताकडे पळायची. रागावून किंवा खोडी काढून नव्हे. पळाली की लगेच परत यायची आणि तो ओशाळायचा.

म्हणून मी 'उलट बघ' हा खेळ घेतला. दोन्ही हात मुलासमोर अंतर ठेवून धरायचे, एका हाताचं बोट हलवायचं आणि त्यानं दुसऱ्या हाताकडे बघायचं. प्रयोगशाळेत हे पडद्यावर आणि डोळ्यांचा माग ठेवणाऱ्या यंत्रानं करतात. अँटिसॅकेड नावाची ही चाचणी १९७८ मध्ये पीटर हॅलेट यांनी मांडली. वीस खेपांत सोन्या चौदा वेळा चुकला. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक चुकीनंतर तो स्वतःच म्हणाला, "चुकलं!" आणि नजर योग्य बाजूला नेली. म्हणजे सांगितलेलं त्याला कळत होतं. कळूनही डोळा आधी निसटत होता.

इथे थोडं थांबून, हे डोळ्याचं काम चालतं कसं ते सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, तो उड्या मारतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग पुढची उडी. उडी सोडण्याची एक महत्त्वाची जागा मेंदूत खोलवर, सुपीरियर कॉलिक्युलस नावाच्या भागात आहे. ही जागा मोकळी नसते. मेंदूतल्याच सब्स्टँशिया नायग्रा नावाच्या भागातल्या काही पेशी तिला सतत आवरून धरतात. त्या क्षणभर गप्प झाल्या की उडी सुटते. ओकिहिदे हिकोसाका आणि रॉबर्ट वुर्ट्झ यांनी १९८३ मध्ये माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत झेंडा पडेपर्यंत बैल धरून उभी असलेली माणसं आठवा. बैलांत जोर भरपूर असतो. धरणाऱ्यांचा हात सैल पडला की गाडा आधीच सुटतो. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हा हुकूम बराचसा मेंदूच्या पुढच्या भागातून येतो. त्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना नवीन दिसलेल्या वस्तूकडे न बघणं फार जड जातं, हे १९८५ मध्ये गिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं.

एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवर यांचा त्रास, असलेल्या मुलांत हीच पकड सैल दिसते. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठातल्या डग्लस म्यूनोझ यांच्या गटानं २००३ मध्ये हे मोजून मांडलं: अशा मुलांना आणि मोठ्यांनाही नजर एका जागी धरायला त्रास होतो, आणि उलट बघताना चुका जास्त होतात.

पण दहा वर्षांची कुठलीही मुलं या खेळात चुकतातच. ही पकड विशीच्या आसपासपर्यंत मुरत जाते, आणि निरोगी मोठी माणसंसुद्धा अधूनमधून फसतात. मी शेजारच्या दोन मुलांबरोबर तोच खेळ खेळले तर एकाच्या सहा आणि दुसऱ्याच्या नऊ चुका झाल्या. चौदा म्हणजे आजार, असा हिशेब नाही. या चाचणीवरून एडीएचडीचं निदान होत नाही, कुणी करून दिलं तर घेऊ नये.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत सोपा: डोळे चांगले आहेत म्हणून सांगायचं आणि घरी पाठवायचं. खोटं काहीच नव्हतं त्यात.

दुसरा, आमच्या केंद्रात नजरेचे व्यायाम शिकवायचे, बारा आठवड्यांचे. हे आम्ही करतो आणि त्याचे पैसेही मिळतात, म्हणून हा पर्याय मी जरा संशयानंच बघते. डोळे जवळ एकत्र न येण्याच्या तक्रारीत व्यायामांचा उपयोग होतो. सोन्याला ती तक्रार नव्हती. लक्ष आणि आवर यांसाठी डोळ्यांचे व्यायाम विकणं मला पटत नाही.

तिसरा, मिरजेच्या बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणं. मी तसं म्हणाले तर आई गप्प झाल्या. रविवारी वडील स्वतः आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, पोरगं येडं हाय व्हय आमचं?" मी पुस्तकी उत्तर दिलं आणि ते त्यांच्या कानावरून गेलं. मग विचारलं, सोन्याला लहानपणापासून कोणते डॉक्टर बघतात? त्या बालरोगतज्ज्ञांवर घराचा विश्वास होता. चिठ्ठी त्यांच्या नावे दिली, आणि मिरजेला जायचं ते त्यांनी सांगितलं. पंधरा दिवस जास्त गेले, पण माणसं गेली. हा निर्णय आजही तसाच घेईन.

काय केलं

मिरजेच्या डॉक्टरांनी आईवडिलांकडून आणि वर्गशिक्षिकेकडून वेगवेगळी माहिती भरून घेतली. घरी आणि शाळेत दोन्हीकडे लक्षणं आहेत का, सहा महिन्यांहून जास्त काळ आहेत का, बारा वर्षांच्या आधीपासूनची आहेत का, हे सगळं पाहून एडीएचडीचं निदान झालं. आईवडिलांसाठी समुपदेशन, शाळेत पुढच्या बाकावर जागा, आणि मिथाइलफेनिडेटची ५ मिलिग्रॅमची गोळी: एक सकाळी सातला, एक दुपारी शाळा सुटल्यावर.

हे उत्तेजक औषध आहे म्हटल्यावर आई घाबरल्या. "आदीच उड्या मारतंय, त्यात अजून उत्तेजक?" शंका रास्त होती, आणि जुनीही. चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये अमेरिकेत मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक दिलं आणि त्यातली बरीच मुलं शांत होऊन अभ्यासाला बसली, तेव्हा त्यांनाही नवल वाटलं होतं. मिथाइलफेनिडेट १९४४ चं, सीबा कंपनीत लिअँड्रो पॅनिझन यांनी बनवलेलं. रिटालिन हे नाव त्यांनी बायकोच्या, रीटाच्या, नावावरून ठेवलं. मी आईंना शर्यतीचंच उदाहरण दिलं. मेंदूच्या पुढच्या भागात डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही निरोप नेणारी रसायनं पेशींबाहेर थोडा जास्त वेळ टिकली की धरणाऱ्यांचा हात घट्ट होतो. बैलाला चाबूक नाही, कासरा धरणाऱ्याला जोर. मात्र ही गोष्ट टेकडीसारखी आहे: चढ संपला की पलीकडे उतार. फार कमी असलं तर आवर नाही, फार जास्त झालं तरी आवर सुटतो.

हे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, साठा कुलपात. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही त्याचं नाव आहे. सांगली-मिरजेत ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी सकाळी नऊला सोन्या परत आला. वीसपैकी सहा चुका. परिच्छेद वाचताना एकदाच ओळ सुटली. उलट बघताना औषधामुळे चुका आणि घाईच्या उड्या कमी झाल्याचं एडीएचडीच्या मुलांवरच्या काही अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत. शिवाय हा खेळ त्याला आता माहीत झाला होता, त्याचाही वाटा असणार. भूक कमी झाली होती, डबा तसाच परत यायचा. डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईंनी गोळीच्या आधी पोटभर न्याहारी आणि रात्री जेवण वाढवून ते सावरलं.

डिसेंबरात चित्र फिरलं. सकाळची शाळा ठीक, पण दुपारचा गृहपाठ म्हणजे रोजचं भांडण. आई कामावरून सुटल्यावर त्याला घेऊन आल्या, साडेपाच वाजता. तेरा चुका. मी कागदावर लिहिलं: 'औषधाचा परिणाम ओसरत असल्यासारखं दिसतं.'

ही माझी चूक, आणि ती नीट उलगडून सांगायला हवी. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो. दुपारी एकला घेतलेली गोळी साडेपाचला तशीही उतरलेली असणार. त्या वेळच्या तेरा चुकांवरून काहीच सिद्ध होत नव्हतं: ना औषध निकामी झाल्याचं, ना गोळी पोटात गेली नसल्याचं. ऑक्टोबरची तपासणी गोळीनंतर दोन तासांनी, डिसेंबरची साडेचार तासांनी, आणि मी दोन आकडे शेजारी मांडून तुलना केली. कागदावर गोळीची वेळ लिहायला रकानाच नव्हता. माझ्या त्या ओळीचा आधार घेऊन दुपारचा डोस १० मिलिग्रॅम करायचं डॉक्टरांनी ठरवत आणलं होतं. पुढच्या भेटीत ते होणार होतं.

दादा

जानेवारीत दादा स्वतःच्या डोळ्यांसाठी आला. तक्रार: अभ्यासिकेतल्या ट्यूबलाइटचा त्रास होतो, उजेड खुपतो, पुस्तक जवळ धरलं की अक्षरं पुसट होतात. नंबर निघाला नाही. बाहुल्या मात्र उजेडात जितक्या लहान व्हायला हव्यात तितक्या होत नव्हत्या. कुठले थेंब घातलेस का? नाही. हाताला घाम, ओठ कोरडे. नाडी मोजली, मिनिटाला ११२. चहा किती? "आठ-दहा होतात." चहानं बाहुल्या अशा होत नाहीत. मी विचारलं, अभ्यासासाठी काही गोळी घेतोस का? तो खुर्चीत मागे सरकला.

सगळं बाहेर यायला दहा मिनिटं लागली. नोव्हेंबरपासून सोन्याची दुपारची गोळी तो स्वतः घेत होता. आधी आठवड्यातून दोनदा, मग रोज, आणि चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री दोन. "शाळा तर सुटलेली असते मॅडम. घरी बसून गोळीचं काय काम?" अभ्यासिकेत कुणीतरी सांगितलं होतं की या गोळीनं बैठक वाढते. बैठक वाढलीही होती, सलग पाच तास. गुण? तो जरा हसला. गुण उतरले होते. प्रश्न जास्त सोडवायचा, खात्रीनं सोडवायचा आणि चुकीच्या उत्तरांची गुणकपात त्याला खाली ओढायची.

मला कुतूहल आवरलं नाही. त्याच्याशीही 'उलट बघ' खेळले. चुकीच्या बाजूला तो एकदाच गेला. पण पाच वेळा माझं बोट हलायच्या आधीच त्याची नजर निघाली होती, अंदाजानं. झेंडा पडायच्या आधीच गाडा सुटलेला. एका माणसाच्या वीस खेपांवरून मी सिद्धांत मांडत नाही. झोप चार तास, चहा दहा, गोळी किती वाजता घेतली तेही धड सांगता येईना. पण टेकडीच्या पलीकडचा उतार असा दिसत असेल, असं त्या वेळी मनात आलं खरं.

मग तो म्हणाला, "आप्पांना सांगू नका. घरी पाठवतील, बागेत कामाला." आप्पा म्हणजे सोन्याचे वडील.

निर्णयाची घडी

हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड अर्धा तास. दादा माझा रुग्ण होता, सज्ञान होता, विश्वासानं बोलला होता. सोन्याही माझाच रुग्ण होता, दहा वर्षांचा, आणि चुकीच्या समजावर त्याचा डोस दुप्पट होणार होता.

गप्प राहणं शक्य नव्हतं, एवढं लगेच ठरलं. लगेच आईंना फोन लावणं शक्य होतं, पण त्यानं दादा उठून गेला असता आणि त्याची स्वतःची तपासणी राहिली असती. फक्त डॉक्टरांना कळवायचं आणि घराला अंधारात ठेवायचं, हेही मनात आलं. मग गोळ्या कमी का पडतात हे आईंना कोण सांगणार?

मी त्याला म्हणाले, तुझ्या गुणांचं, अभ्यासाचं मी कुणालाही सांगणार नाही. पण सोन्याला दुपारची गोळी मिळत नव्हती हे त्याच्या डॉक्टरांना आजच कळायला हवं. ते तू सांगतोस की मी? संध्याकाळी सहापर्यंत वेळ. आणि त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तुझ्या डोळ्याचा कोन, म्हणजे आतलं पाणी निचरतं ती जागा, आणि डोळ्याचा दाब तपासून घ्यायचा, फिजिशियनकडे जाऊन रक्तदाब आणि ईसीजी. बाहुली मोठी करणारं औषध अरुंद कोनाच्या डोळ्याला धोक्याचं असतं, म्हणून कोन आधी. कायद्याचं मी बोलले नाही. तो आधीच पांढरा पडला होता.

पावणेसहाला आईंचा फोन आला. त्यानं आप्पांना नाही, काकीला सांगितलं होतं. त्या रडत नव्हत्या, चिडल्याही नव्हत्या, एवढंच म्हणाल्या, "मी त्याला राखणीला ठेवलं होतं की वो."

परिणाम

दुपारचा डोस वाढवला नाही. आधी ठरलेली ५ मिलिग्रॅमची गोळी रोज पोटात जाते का तेवढंच दोन आठवडे बघायचं ठरलं. पण गोळ्या संपल्या होत्या, कारण शेवटच्या महिन्यात दादानं सकाळच्या पट्टीतल्याही घेतल्या होत्या. अशी चिठ्ठी फोनवर मिळत नाही. नवी तारीख, दोन प्रती, मिरजेची खेप. नऊ दिवस सोन्या गोळीविना राहिला आणि त्यातच त्याची घटक चाचणी झाली. गणितात अर्धे प्रश्न कोरे.

दादाचा कोन मोकळा निघाला, ईसीजी ठीक. गोळ्या थांबल्यावर पहिले काही दिवस तो नुसता झोपला, चिडचिड केली, चौथ्या दिवसापासून पुस्तक उघडलं. उजेडाचा त्रास गेला. त्याला स्वतःलाच लक्षाचा त्रास आहे का, हा प्रश्न डॉक्टरांनी उघडा ठेवला आणि झोप सुधारल्यावर यायला सांगितलं. तो अजून गेलेला नाही.

दुपारची गोळी आता शाळेतच, सुटायच्या आधी वर्गशिक्षिकेसमोर होते. डबी आईंच्या कपाटात कुलपात, पट्टीवर तारखा. फेब्रुवारीत दुपारी तीनला, म्हणजे गोळीनंतर अडीच तासांनी, सोन्याच्या सात चुका झाल्या. गृहपाठाचं भांडण संपलं नाही, पण तासाचं वीस मिनिटांवर आलं. आप्पांना सगळं कधी कळलं ते मला माहीत नाही. मार्चमध्ये त्यांनी केंद्रात बेदाण्याची पिशवी पाठवली, दादाच्याच हाती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीत 'औषध कोण देतं' विचारायचं कारण नव्हतं, तेव्हा औषधच नव्हतं. ऑक्टोबरमध्ये मात्र विचारायला हवं होतं. मी भूक विचारली, झोप विचारली, शाळा विचारली. डबीला हात कुणाचा लागतो हे नाही.

डिसेंबरची ती ओळ लिहिण्याआधी एक फोन पुरला असता: दुपारची गोळी किती वाजता झाली? आईंनी "दादा देतो" म्हटलं असतं, आणि मी शनिवारी दुपारी अडीचला बोलावलं असतं. तेव्हाही चुका तेराच निघाल्या असत्या तर त्या आकड्याला काही अर्थ होता. शिवाय गोळ्या मोजल्या असत्या तर, दादा वरच्याही गोळ्या घेत असल्यामुळे, कदाचित डिसेंबरातच उलगडा झाला असता. महिन्याला साठ, एवढा सोपा हिशेब.

दादाला दिलेली सहाची मुदत योग्य होती का, यावर आमच्या केंद्रात दोन मतं आहेत. माझ्या सहकारी म्हणतात, त्या साडेतीन तासांत तो गावी निघून गेला असता तर? गेला असता तर मी सहा वाजता फोन केला असता, हे माझं उत्तर. पण त्या दिवशी तो कुठल्या अवस्थेत होता हे आठवलं की, त्याला एकट्याला दुचाकीवरून जाऊ दिलं ते चुकलं असं मलाही वाटतं. रिक्षा करून द्यायला हवी होती.

आता तपासणीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात तीन रकाने आहेत. सोन्याच्या शेवटच्या कागदावर ते असे भरलेत: गोळी ७.१०, दिली आईनं, तपासणी ९.०५.